नव्या गाडीला युरिया

आमच्या नव्या गाडीला मी खत घातलं.

हे मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहितोय. खत म्हणजे खतच! कापसाला घालतात ते, पोत्यातलं, पांढरं, दाणेदार. युरिया. आणि हे कुण्या अडाण्यानं केलेलं नाही, सगळी नोकरी कृषी खात्यात काढून रिटायर झालेल्या माणसानं केलंय. परभणी तालुक्यात असं गाव सापडणार नाही, जिथल्या पारावर बसून मी 'बाबांनो, युरिया जपून टाका' म्हणत घसा कोरडा केला नाही. (आमची मंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की दुखणं युरियाचं नव्हतंच, लेकीचं होतं. तिचं बरोबर आहे. पण तिला बरोबर म्हणायची मला सवय नाही.)

तर लेक. पल्लवी. एकुलती एक. इंजिनिअर झाली, लग्न झालं, नवऱ्यासोबत जर्मनीला गेली आणि तिकडंच नोकरीला लागली. फोनवर रोज दिसते, पण काय दिसते! मी फोन धरला की तिला माझं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. ती चालत बोलते, म्हणून मला तिची हनुवटी आणि तिकडचं आभाळ.

"जेवलाव का पप्पा?"

"जेवलो."

"बीपीची गोळी?"

"घेतली."

"बरं, ठेवू का? मीटिंग हाय."

झालं! फोन ठेवला की मला सगळं आठवायचं. गल्लीत कुणाचं काय झालं, तिच्या शाळेला नवा रंग दिला, अंगणातल्या सीताफळाला यंदा किती फळं लागली. मग ते सगळं मी मंदाला सांगत बसायचो.

"मला काय सांगायलाव?" ती करवादायची. "मी हितंच हाय की!"

पल्लवी सुट्टीवर येणार असं कळलं आणि मी गाडी घेतली. डिझेलची, उंच, पांढरी. सुट्टीतले बरेचसे दिवस पुण्याला सासरीच जाणार होते. परभणीच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन, तेही तिच्या एकटीचे. पण त्यातला एक अख्खा दिवस माझा, असं तिनं फोनवर कबूल केलं होतं. त्या दिवशी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं आणि जाता-येता गाडीत निवांत बोलायचं. पंखा नको, मीटिंग नको. मला एवढंच पाहिजे होतं, आणि त्यासाठी मी जीव टांगणीला लावून बसलो होतो.

आता तुम्ही विचाराल, नव्या गाडीतलं काही एवढ्या लवकर संपतंच कसं? संपतं. माझ्यासारखा मालक असला की संपतं! कारण मी रंगीत तालीम करत होतो. सकाळी उठायचं आणि गाडी काढून स्टेशनवर जायचं.

"अहो, लेक अजून जर्मनीत हाय!" मंदा फाटकापर्यंत यायची.

"म्हायती हाय मला. डबा कुठं लागतो ते बघून ठेवायलोय."

स्टेशनवरनं पोखर्णी. रस्त्यातले खड्डे पाठ करायचे, लेकीला हिसका बसायला नको. देवळाबाहेर कुठल्या झाडाखाली दुपारी सावली असते तेही बघून ठेवायचं. एकदा तर तसाच पुढं सोनपेठपर्यंत गेलो. आठवडी बाजारात तिच्या आवडीची तिखट शेव अजून मिळते का हे बघायचं होतं. मिळते. (घरापर्यंत आली नाही, तो भाग वेगळा.)

आणि ती यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, गाडीच्या पडद्यावर एक दिवा लागला. शेजारी इंग्रजीत धमकी! अमुक द्रव भरा, नाहीतर थोड्याच किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. शोरूमला फोन लावला, तर तो उचलला वॉचमननं.

"साहेब, आज समदे सुट्टीवर हायेत. म्या गेटावर हाय."

मग चष्मा लावून गाडीचं जाडजूड पुस्तक उघडलं. त्यातनं मला समजलं ते असं : डिझेलचा धूर लय वाईट असतो. तो बाहेर पडायच्या आत साफ करायला एक द्रव लागतो. त्याची टाकी वेगळी, डिझेलच्या झाकणाशेजारी, निळ्या झाकणाची. डिझेल त्यात नाही टाकायचं आणि हा द्रव डिझेलमध्ये नाही टाकायचा. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही. पुढच्या ओळीनं घात केला. तो द्रव कशाचा असतो? युरिया आणि शुद्ध पाणी!

"मंदा!" मी ओरडलो. "गाडी युरिया खाती!"

"खाऊ द्या. तुमी आधी दोन घास खाऊन घ्या," ती आतून म्हणाली.

पंपावर जाऊन आलो. त्या द्रवाचे डबे संपले होते. "उद्या येतेल," असं पंपावरचा माणूस म्हणाला. उद्या? उद्या माझी लेक येणार होती! आणि मागच्या शेडमध्ये शेतासाठी आणलेला अस्सल युरिया पोत्यांत पडून होता. परातभर पीठ घरात असताना भाकरीसाठी हॉटेलात जायचं का?

आमचे शेजारी करीमभाई मदतीला आले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "साब, आमच्या यष्टीला तीनच चीजा लागायच्या. डिझेल, पानी आन् शिव्या. ह्ये नवीनच हाय."

"युरिया लागतो हिला."

"पर हा शेतातला चालंल का?"

"करीमभाई," मी छाती काढून म्हणालो, "युरियातलं मला सांगू नका!"

बादली घेतली. पाणी शुद्ध पाहिजे म्हणून प्यायच्या पाण्याचा जार रिकामा केला. मी युरिया ओतला, करीमभाई काठीनं ढवळू लागले. थोड्या वेळानं त्यांनी बादलीला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"या अल्ला! बर्फ टाकलाव काय?"

"युरिया विरघळताना पाणी गार पडतंच," मी शास्त्र सांगितलं. "माल चोख असल्याची खूण हाय ती."

मग वर पिवळट तवंग आला आणि कडू वास सुटला. त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. हल्ली युरियाला कडुलिंबाचं तेल चोळलेलं असतं. औषधी!

"गाडीला काय खरूज झालीय?" मंदानं विचारलं. पण गाळायला स्वतःच्या जुन्या पातळाचा तुकडा तिनंच आणून दिला, हे इथं नमूद करतो. पुस्तकात प्रमाण दिलेलं होतं. पण नवी गाडी, वाढीचं वय, म्हणून मी मूठभर वरनं टाकला. (जन्मभर शेतकऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच!) नरसाळं लावलं, निळं झाकण उघडलं आणि देवाचं नाव घेऊन ओतलं.

आणि दिवा विझला! खरंच विझला हो! करीमभाईंनी मला मिठी मारली. आम्ही चहा घेतला. आता गाडी फिरवून बघू म्हणून गल्लीतनं एक चक्कर मारून आलो, तर दुसराच दिवा लागलेला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा.

"दिवा लागायलाय म्हंजे बॅटरी चांगली हाय," करीमभाई म्हणाले. मला ते पटलं. त्या दिवशी मला काहीही पटलं असतं.

सकाळी स्टेशनवर मी पाठ करून ठेवलेल्या जागेवर, पाठ करून ठेवलेल्या डब्यासमोर उभा राहिलो. ती भलत्याच डब्यातनं उतरली आणि मागनं येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "पप्पा!" मी वळलो. अख्खी लेक! फक्त हनुवटी नव्हे, डोक्यापासून चपलांपर्यंत लेक! आणि मी बोललो ते काय, तर "जेवलीस का?" सकाळी सकाळी!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोखर्णीला निघालो. पल्लवी माझ्या शेजारी बसली, मंदा मागं. मी घसा साफ केला. सीताफळापासून सुरुवात करायची असं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. तिकडचं ऑफिस! पोखर्णीपर्यंत ती जर्मन बोलत होती आणि मी पाठ केलेले खड्डे एकेक करून चुकवत होतो. एकही हिसका बसला नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही. मला असं वाटलं की गाडी थांबवावी आणि बांधावर बसून रडावं.

दर्शन झालं. बाहेर आल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आपणहून फोन बंद केला आणि आईच्या पिशवीत टाकला. "मम्मी, आता मागितला तरी देऊ नको. पप्पा, चला, आता बोलू." माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मी गाडीत बसलो, बटण दाबलं.

गाडी हूं का चूं करीना! पडद्यावर भलामोठा मजकूर. तो पल्लवीनं वाचला. परत वाचला.

"पप्पा, निळ्या झाकणात काय टाकलाव?"

"युरियाच टाकला. पुस्तकात लिहिलंय तसं."

"कुठला युरिया?"

"आपलाच. शेडमधला."

मागनं मंदानं भर घातली, "पण माझ्या पातळातून गाळून टाकला, हां!"

पल्लवी गाडीतनं उतरली आणि पोट धरून हसत झाडाखाली खालीच बसली. देवळात आलेली माणसं जमा झाली. डोळे पुसत ती म्हणाली, "पप्पा, त्यो युरिया लय शुद्ध लागतो हो! तुमचा कडुलिंब आत जाऊन बसला असंल. वळखलं की गाडीनं, आन् बसली रुसून!"

शोरूमची गाडी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. शेवटी परभणीला निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली. "टोचन करून न्हेतो साहेब, काळजी नगा करू." दोर बांधला. इंजिन बंद, त्यामुळं स्टिअरिंग जड आणि ब्रेकही जड. पल्लवी म्हणाली, "तुमी सरका, मी बसते." आणि आमची वरात निघाली. रस्त्यानं सायकलवाले आम्हाला मागं टाकून पुढं जात होते. मंदा मागं घोरायला लागली.

आणि पल्लवी बोलायला लागली. तिकडच्या थंडीबद्दल. भाकरी थापताना मोडते त्याबद्दल. मी सीताफळाचं सांगितलं, शाळेच्या रंगाचं सांगितलं, ती "मग? मग?" करत होती. मग समोरच्या ट्रॅक्टरकडं बघत म्हणाली, "पप्पा, सगळ्या मीटिंगा खऱ्या नसतात."

"म्हंजे?"

"तुमचा आवाज ऐकला की मला उठून घरी यावं वाटतं. येता तर येत न्हाई. मग डोळ्याला पाणी यायच्या आत मीटिंग हाय म्हणून फोन ठेवते."

मी खिडकीतनं बाहेर बघू लागलो. बाहेर नुसती ज्वारी होती, पण मला ती नीट दिसत नव्हती. इतके दिवस मला वाटायचं, एकटा मीच असा झुरतोय. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "पप्पा, ब्रेक लय जड हाय, मला हलवू नका," आणि मग आम्ही दोघंही हसलो.

परभणी फार लवकर आली. गावातनं जाताना ओळखीची माणसं हात करून विचारत होती, "साहेब, गाडी नवीनच ना?" मी मान डोलवत होतो. पल्लवी आता सांगत होती, पहिल्यांदा बर्फ पडला तेव्हा काय झालं ते. जिंतूर रोड आला. शोरूमची पाटी दिसली. ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला. पल्लवीची गोष्ट तर अर्ध्यावरच होती!

मी खिडकीतनं अर्धा बाहेर आलो आणि ओरडलो, "अरे, हे नव्हं! पुढं घे, पुढं!"

ट्रॅक्टरवाला मागं वळून बघायला लागला. "साहेब, पुढं शोरूम न्हाई! पुढं डायरेक्ट जिंतूर हाय!"

"मग काय झालं?" मी म्हणालो. "जिंतूरला बी माणसंच राहतेत की!"