चित्रात शेळी नव्हती

चित्रवाले भाऊ कशावरही आधी फुंकर मारायचे. स्लाईड यंत्रात घालण्याआधी फू. खुर्चीवर बसण्याआधी फू. चहा गार झाला तरी फू. आमची थोरली जाऊ म्हणायची, "या बाबाला देवानं पोटात भाता घालून धाडलाय."

ते पाणी अडवायचं काम करणाऱ्या संस्थेचे. मूळचे सोनईकडचे. एम-एटी फटफटीच्या मागे स्लाईडचं यंत्र बांधून आमच्या पारनेर तालुक्यातली गावं फिरायचे. दुपारी बायका मोकळ्या झाल्या की शाळेच्या खोलीत जमायचं. खिडक्यांना आमच्याच गोधड्या लावून अंधार करायचा आणि भिंतीवर पांढरं धोतर ताणायचं. मग एकेक चित्र. उघडा डोंगर, मग बांध घातलेला डोंगर, मग भरलेली विहीर. एखादी स्लाईड उलटी पडायची आणि सगळ्या ओरडायच्या, "भाऊ, हिर पालथी झाली!" ते हसून सरळ करायचे. सरळ करतानाही फुंकर मारायचेच.

मी चौथी शिकलेली, पण चित्र बघून भुलणारी नव्हते. विहिरी भरायच्या तर डोंगरावर तीन वर्षं जनावरं चारायची नाहीत, अशी अट होती. ज्यांना जमिनी, त्यांना विहिरी. मला जमीन नव्हती. मला शेळ्या होत्या आणि त्यांच्यावर माझं घर चालत होतं. संस्थेचा नियम असा, की एका घराचा जरी नकार असला तरी त्या गावात काम नाही. ते एक घर माझं होतं.

सरपंच म्हणाला, "आत्याबाई, सगळ्या गावाचं पाणी तुमी अडवलंय."

मी म्हणाले, "अडवायचंच हाय ना तुमाला? मग अडलं की."

भाऊंनाही मी सर्वांसमोर विचारलं, "तुमच्या चित्रांत शेळी कुठं हाय?" त्यांनी डबा पुढं ओढला. एकेक स्लाईड उजेडाला धरली. लोक हसत होते, ते मात्र बघत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई मावशी. एक बी न्हाई. चुकलं माझं." दुसरा असता तर माझ्यावरच उखडला असता.

भाऊ परत गेले, तेव्हा गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या शेळ्या बोलत होत्या.

काही दिवसांनी ते टेम्पोतून आले. बरोबर टीव्ही आणि कॅसेट लावायचं यंत्र. सुप्याकडचा एक लग्नांचं शूटिंग करणारा गाठून त्यांनी आधीच काम झालेल्या दुसऱ्या गावात कॅमेरा फिरवला होता. आधी त्यांच्या नेहमीच्या स्लाईड झाल्या. बांधाचं चित्र आलं तसं त्यांनी धोतरावरचा उजेड बंद केला आणि टीव्ही लावला. शूटिंगवाल्याने सवयीप्रमाणे लग्नाच्या थाटातच कॅसेट केली होती. आधी बदामाचा आकार उघडला, कोपऱ्यांतून गुलाब पडायला लागले, सनई सुरू झाली आणि त्या गुलाबांत एक बाई शेळी धरून उभी!

"नवरी कंची गं यातली?" जाऊ म्हणाली. खोली हसून हसून फुटली. भाऊ कानापर्यंत लाल झाले.

पण मग ती बाई बोलायला लागली. "पयल्या साली दोन शेळ्या इकल्या. लई रडले. या भाऊला तोंडावर शिव्या दिल्या. आता गवत कापून आनते, दावनीला घालते. दूध वाढलं. पर त्या बसून खात्यात आन् माजी कंबर मोडती." एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले. वर गुलाब पडतच होते.

सरपंचाने भाऊंना बाजूला घेतलं. "अवो, रडनं कापायचं हुतं की! कोन तयार व्हईल?"

भाऊ म्हणाले, "ते कापलं तर उरलं काय? निस्ती चित्रं तर माझ्याकडं हुतीच."

मी जवळच होते; ते ऐकून उठले आणि म्हणाले, "माझी ना न्हाई. पर डोंगराचं गवत कापायचा पयला हक्क शेळीवाल्यांचा." भाऊ सरपंचाकडे वळले. "आत्ता कबूल करा, सगळ्यांसमोर." त्याला करावंच लागलं.

मलाही पहिल्या साली एक शेळी विकावी लागली. त्याच आठवड्यात भाऊ कॅमेरा घेऊन आले. खर्ड्याकडच्या गावांना दाखवायचं म्हणाले. मी जे तोंडात येईल ते बोलले. नंतर म्हटलं, "शिव्या तेवढ्या काढा." ते म्हणाले, "मावशी, त्याच तर न्यायच्यात."

पुढे विहिरींना पाणी आलं. माझी कंबरही त्या बाईच्या कंबरेसारखीच मोडली. भाऊंचं येणं कमी झालं आणि एक दिवस ते तापाने गेल्याचं कळलं. शेकडो लोकांची चित्रं काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं एकही चित्र आमच्याकडे नव्हतं.

त्यांच्या जागी आलेला माणूस माझ्या बोलण्याची ती कॅसेट घेऊन मला दाखवायला आला. टीव्हीवर आधी काहीच दिसेना, नुसतं पांढरं. मग जोरात "फू" असा आवाज आला, कॅमेऱ्याची काच स्वच्छ झाली आणि मी दिसले. मागून भाऊंचा आवाज आला, "हं मावशी, खरं तेच बोला."

तो माणूस म्हणाला, "सुरुवातीला माइकला वारा लागलाय. तेवढं कापून टाकतो."

मी म्हणाले, "वारा न्हाई तो. ऱ्हाऊ दे."