संडास कुणी धुवायचा

"तुला सवय असेल ना गं," असं म्हणत ऋतुजानं संडास धुवायचा ब्रश माझ्या हातात दिला. हसत दिला, प्रसाद दिल्यासारखा. मागे ओट्याशी गायत्री कांदा चिरत होती. तीही हसली. आणि आज सांगताना किळस येते, मीही हसले.

त्याआधी तीन वर्षं मी सोलापुरात सरकारी वसतिगृहात काढली होती. एका खोलीत आठ जणी. डाळीत अळ्या, नळाला पाणी नाही. पण तिथं पिंपातलं पाणी कुणीही कुणाच्याही ग्लासानं प्यायचं. मग इमारत दुरुस्तीला काढली आणि आम्हाला सांगितलं, आपापली सोय बघा. ऋतुजा माझ्या वर्गातली. अकलूजची, घरचा ऊस, घरची डेअरी. परीक्षा आली की माझ्याशेजारी बसून अभ्यास करायची. तीच म्हणाली, "मी आणि गायत्री घर घेतोय. तू पण ये की, तिघींत परवडेल." मला स्वर्ग दोन बोटं उरला. मैत्रिणी, आपलं घर, आपला गॅस. ट्रंक रिक्षात घातली आणि जुळे सोलापुरातल्या त्या वरच्या मजल्यावर गेले. करारावर तिघींच्या सह्या. भाडं तिघींत सारखं.

कामं पाळीपाळीनं करायचं ठरलं होतं. माझी स्वयंपाकाची पाळी आली, मी पिठलं-भाकरी केली. गायत्रीला उपास निघाला. ऋतुजाचं पोट बिघडलं. पुढच्या खेपेला वांगं केलं, शेंगांचं कूट घालून. पुन्हा एकीला उपास, दुसरीचं डोकं दुखायला लागलं. माझ्या हातचं खायची वेळ आली की या दोघींना कुठला ना कुठला देव आठवायचा. केलेलं सगळं मीच शिळंपाकं खाऊन संपवलं. मग ऋतुजानं निकाल दिला. "तू कशाला गॅसजवळ घाम गाळतेस? किचन आम्ही बघतो. तू संडास-बाथरूम बघ."

आणि तो ब्रश.

माझं आडनाव त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. जातीचा एक शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. काढायची गरजच पडली नाही.

मी धुवत राहिले. मोरीच्या जाळीत त्यांच्या केसांचं गुंतवळ अडकायचं, ते बोटांनी ओढून काढायचं. वापरलेले पॅड उघडेच कोपऱ्यात टाकलेले. संडासात पाणीसुद्धा न ओतता निघून जायच्या. शिकलेल्या पोरी, अंगाला अत्तराचा वास. मग साबणानं हात धुऊन, पुन्हा धुऊन, जेवायला बसायचं. त्या वाढायच्या, तेही माझ्या ताटाला पळी लागणार नाही अशा बेतानं, वरून.

माझी आई चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत साफसफाईला आहे. तिथले संडास ती धुते. हे मीच एकदा विश्वासानं ऋतुजाला सांगितलं होतं. मला मात्र आईनं घरातला झाडूही कधी धरू दिला नाही. "तू पुस्तक धर. ह्यो वास माज्यापाशीच ऱ्हाऊ दे," म्हणायची.

एका रविवारी ती न सांगता आली. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून. दार गायत्रीनं उघडलं. मी संडासात, सलवार वर खोचलेली, हातात ब्रश. आईनं बघितलं. गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"सरक. तुजं काम न्हाय ह्ये."

आणि उकिडवी बसून घासायला लागली. त्या पोरींची घाण आणि माझी आई. ऋतुजा दाराशी येऊन उभी राहिली, नाकाला ओढणी. कौतुकानं म्हणाली, "काकू, किती चकाचक करता हो! दर रविवारी येत जा ना. आम्ही तिघी मिळून देत जाऊ काहीतरी."

तिघी. माझ्या आईच्या मजुरीत तिनं माझाही वाटा धरला होता.

मला किळस आली. संडासाची नाही. त्या हसऱ्या तोंडाची, त्या गोड 'काकू'ची, आणि इतके महिने मुकाट्यानं ब्रश धरणाऱ्या माझ्या हाताची.

"आई, ऊठ."

"ऱ्हाऊ दे गं, झालंच की."

"ऊठ म्हणते ना!"

ब्रश तिच्याकडून घेतला आणि ऋतुजाच्या पायाशी टाकला. म्हणाले, "आता पाळी तुझी. मग गायत्रीची. मग माझी. आणि स्वयंपाकाचंही तसंच."

"अगं, एवढं काय चिडतेस? आपण जातपात मानत नाही बाई."

"मग धू की."

तिनं पाय मागे घेतला. जणू साप पडला होता पुढ्यात.

मी हात धुतले आणि ओट्याशी गेले. भात टाकला, आमटी केली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच अडखळली. "त्यास्नी चालतंय का?" मी तिला हाताला धरून आत बसवलं आणि वाढलं. जेवताना ती हळूच म्हणाली, "भांडू नगंस बाय. घर सुटंल."

"सुटणार न्हाय," मी म्हणाले.

तेव्हापासून संडास तसाच आहे. वास जिन्यापर्यंत जातो. घरमालकीण वर येऊन ओरडून गेली, तिलाही मी पाळी कुणाची ते सांगितलं. काल गायत्री म्हणाली, "तुला बरा सहन होतो एवढा वास!" सहन होत नाही. मलाही ओकारी येते, माझंही नाक त्यांच्यासारखंच आहे. पण हे घर मी सोडणार नाही आणि माझी पाळी येईपर्यंत त्या ब्रशला हात लावणार नाही.

ब्रश संडासाच्या दाराशी, मी टाकला तिथंच पडलाय. पाळी तिची आहे.