हळदीच्या घरातले बाळ

सज्जनहो, गर्भात जीव कोंडलेला असतो हे आपण जाणतो. पण बाळंतीणही कोंडलेली असते, हे किती जण जाणतात?

मंजुषाचे माहेर कनेरगाव नाक्याकडचे. कापूस वेचत वाढलेली ही लेक. पांढऱ्यावरचा डाग तिला लांबून कळे. सासर हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ, हळदीचे. दवाखान्यातून बाळ घेऊन ती आली आणि रीतीप्रमाणे खोलीत बंद झाली. खिडकीला गोधडी, उंबऱ्याशी शेगडी, बारा दिवस बाहेर पाऊल नाही. अंगणात हळद शिजत होती. भिंती पिवळ्या, भांडी पिवळी, बाळाला तेल लावणाऱ्या सासूबाईंचे, सखुबाईंचे, तळवेही पिवळे.

लेकरू मात्र दूध ओढेना, हाकेला पापणी उचलेना.

मंजुषा सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, याला जरा उजेडात नेऊ द्या."

"काहून? वारं लागंल. हळदीच्या घरातलं पोरगं पिवळंच असनार. निळं कुठून व्हईल?"

सासूबाई उठून गेल्या तशी मंजुषाने गोधडीचे टोक उचलले. कवडशात तिने बाळाची पापणी हळूच वर केली. डोळ्यांतले पांढरेही पिवळे!

"आत्याबाई," ती ओरडली, "याच्या डोळ्यात हळद कुनी लावली?"

सखुबाई तेलाची वाटी घेऊनच दाराशी आल्या. तोवर मंजुषा बाळाला छातीशी धरून, उंबरा ओलांडून रस्त्यावरच्या जीपकडे धावत सुटली होती.

हिंगोलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही कावीळ आहे. पोटात असताना याचं यकृत रक्त घडवत होतं, पिवळा कचरा तुमचंच यकृत काढत होतं. आता यकृतातली रक्त घडवणारी जनुकं शांत होतात, कचरा काढणारं जनूक जागं होतं. त्याला वेळ लागतो. तोवर हा निळा दिवा तो कचरा बाहेर टाकायला मदत करील. आणखी उशीर झाला असता, तर मेंदूला धोका होता."

पाहा हो, देहाच्या कणाकणांत जनुकांची पोथी तीच. पण जन्माआधी उघडतो तो अध्याय निराळा, जन्मानंतरचा निराळा!

बाळ निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी. दूध पाजण्यापुरतेच ते मंजुषाच्या कुशीत येई. एरवी मध्ये काच. एका खोलीतून सुटलेली माय दुसऱ्या दाराशी अडकली.

मागोमाग दवाखान्यात पोचलेल्या सखुबाईंनी पिवळे तळवे पदरात लपवले. "निळं झालं गं पोरगं... आपल्याला काहीच करता येत न्हाई का?"

"न्हाई, आत्याबाई. त्याचं दार आतूनच उघडनार."

पुढच्या तपासणीत पिवळेपणा चढायचा थांबला. उतरला मात्र नव्हता. दिवा तसाच जळत राहिला. सखुबाईंनी घरी निरोप धाडला, "खिडकीची गोधडी काढून टाका."