वेळ उरला तर देव

नाशिकच्या तरणतलावाच्या दारात क्लोरीनचा वास आला की निफाडजवळच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. द्राक्षं नुकतीच निघाली होती आणि एप्रिल छाटणीपर्यंत बागेतलं काम थांबलं होतं. घरची सहल याच फटीत बसायची. गाडी धाकट्या काकांची, त्यामुळे मार्गही तेच ठरवायचे: आधी वणीचा गड, मग तुळजापूर, वेळ उरला तर समुद्र. वेळ कधीच उरला नव्हता. त्या दुपारी आई पिठाच्या हातांनी ओसरीवर आली आणि म्हणाली, "यंदा आधी अलिबागचा समुद्र, मग मुंबई बघायची, मग पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क. वेळ उरला तर देव." काका हसले. "वहिनी, देवीला काय वाटंल?" "दरसाल आपलीच तोंडं बघती ती. एक वर्ष तिलाबी सुट्टी." "आन् घसरगुंडीवर लुगडं नेसून बसणार का?" आई आत गेली, नायलॉनचा नवा पोहायचा पोशाख घेऊन आली आणि सगळ्यांसमोर दोरीवर टांगला. "हे घालून बसणार." "मंग गाडी नाय मिळायची." "एसटी हाय की," आई म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली. आम्ही एसटीने गेलो. त्या वर्षी गडावर कुणीच गेलं नाही. आता साठीत आई पोहायला शिकते आहे आणि मी तिला सोडायला येतो. परवा काकांनी मला फोन करून विचारलं, यंदा गाडी आधी कुठं न्यायची. मी काठावरून आईला विचारलं. तिने हात मारणं न थांबवता सांगितलं, "समुद्राला."