त्यांचं शिखर, माझी तयारी

डोंगरांचं वेड माझ्या नवऱ्याचं, माझं नव्हे. आमच्या पनवेलच्या आसपासचे सगळे गड त्यांनी तरुणपणी पालथे घातलेले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, एकदा तरी हिमालयातल्या बर्फाच्या शिखरावर जायचं. हिमनदी ओलांडून, गाइडबरोबर, दोराने एकमेकांना बांधून घेऊन. एकट्याने जायला नको म्हणून मी सोबत जायला तयार झाले, एवढंच.

जायच्या आधी डॉक्टरांचा दाखला लागतो. तपासणीत माझं सगळं ठीक निघालं. नवऱ्याच्या मात्र हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा होता. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांवर भागेल. रोज चाला, फिरा. पण एवढ्या उंचीवर जायचं नाही."

 घरी आल्यावर मी म्हटलं, "दोघांचंही रद्द करून टाकू."

"तुझं कशाला? तू जा."

"मला कुठे हौस आहे?"

"मला आहे ना," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझे मास्तर झाले. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून मी आमच्या इमारतीचे जिने चढायचे. गच्चीवर पोचलं की ते पाणी कुंड्यांना घालायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नको. ही युक्ती त्यांचीच. "लिफ्ट बंद आहे का हो?" असं शेजारी विचारायचे. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली.

आमचे गाइड हिमाचलचे. व्हिडिओ कॉलवर ते आम्हाला गाठी शिकवत. बर्फात हातमोजे काढता येत नाहीत, म्हणून सराव मोजे घालूनच करायचा. पनवेलच्या मे महिन्यात लोकरीचे जाड मोजे घालून मी खिडकीच्या गजाला दोर बांधत बसे. घामाने हात चिंब. माझे मास्तर समोर बसून पुनःपुन्हा गाठ सोडायला लावत. स्वतः मात्र एकदाही दोर हातात घेत नसत.

एका रविवारी आम्ही कर्नाळ्याच्या गडाला गेलो. पायथ्याशी ते बाकावर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये. सावकाश पावलं टाक, थांबू मात्र नकोस." मी वर जाऊन आले तेव्हा ते तिथेच होते. सुळक्याकडे बघत होते. मला बघून घाईघाईने चष्मा पुसायला लागले.

मला राहवलं नाही. "मी नाही जात. तुमचं काढून घेतल्यासारखं वाटतंय मला."

ते एकदम चिडले. "काढून काय घेतलंस? माझी शीरच तशी निघाली, त्यात तुझा काय संबंध?" मग आवाज उतरवून म्हणाले, "वाईट वाटतं गं. रोज वाटतं. तू जिना चढायला लागलीस की जास्तच वाटतं. पण तू घरी बसलीस तर ते कमी होणार आहे का?"

 परतीच्या वाटेवर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "तुला भीती वाटते का?" मी म्हटलं, "वाटते." "मग बरं," ते म्हणाले. "गाइडचं ऐकशील."

जून सरता सरता मी गेले. हिमनदी पार केली. बर्फात झाकलेल्या भेगा ओलांडताना माझ्या गाठी घट्ट बसल्या होत्या. शिखर अगदी समोर दिसत असताना वारा सुटला. गाइड थोडा वेळ आभाळाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बस. वापस." मला स्वतःचं काहीच वाटलं नाही. घरी काय सांगू, एवढंच मनात आलं. पण गाइडचं ऐकायचं ठरलेलं होतं. वळले.

घरी आले तेव्हा त्यांनी सॅक उतरवून घेतली, पाणी दिलं आणि समोर बसले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "बर्फावर चालताना आवाज कसा येतो?"

मी सांगितलं. सकाळी बर्फ कडक असतो तेव्हा बुटाखालचे लोखंडी दात त्यात शिरतात आणि भाजलेला पापड मोडावा तसा आवाज येतो. उन्हं चढली की आवाज थांबतो, पाय नुसता रुतत जातो. आणि एकदा फार खालून, कुणी जड कपाट सरकवावं तसं काहीतरी घरघरलं. गाइड म्हणाले, नदी चालतेय.

"चालतेय," ते हळूच म्हणाले. डोळे मिटून बसले होते. "परत सांग."

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

शिखराचं त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं. "थोडक्यात राहिलं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.