पेशींना बंदची नोटीस

वॉर्डात किस्से कसे साठतात, विचारू नका. जीव टांगणीला लागला की माणसं जास्तच बोलतात, आणि आम्हा ज्युनियर डॉक्टरांना हसायला काहीतरी लागतंच. इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाचे हे किस्से, सगळे भाऊरावांचे.

भाऊराव मिलमध्ये लूमवर कापड विणायचे. मिल बंद झाली आणि पाठोपाठ स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पहिल्या सलाईनलाच त्यांनी विचारलं, "डॉक्टरबाई, ही दवा करते तरी काय?"

म्हटलं, "कॅन्सरची पेशी एकीच्या दोन होताना आतल्या धाग्याची नक्कल काढते. औषध त्यात खोटा तुकडा घुसवतं. धागा अडकतो. बिघाड कळला की पेशी स्वतःच स्वतःला संपवते."

"मतलब आतूनच बंद? बाहेरून ताला नाही?"

"नाही."

"मग आमच्या सेठपेक्षा शरीफ आहे."

पुढे केस गळू लागले. केसांचा काय कसूर, म्हणून त्यांनी मला धरलं. मी सांगितलं, भरभर वाढणाऱ्या पेशी औषधाच्या तावडीत आधी सापडतात, केसांच्या मुळाशी तशाच असतात.

"म्हणजे जास्त काम करेल तो आधी जाणार. मॅनेजमेंट सब जगह एकच आहे, भिया!" हे शेजारच्या पेशंटला. तो सलाईन सांभाळत हसला.

एकदा उलटी थांबवायची गोळी त्यांच्या उशीखाली सापडली. मी रागावले. ते म्हणाले, "उलटी थांबली की डर वाटतो. मिलमध्ये आमच्या लूम खात्यात खडखडाट थांबला की समजायचं, काम बंद." उलटीचा आणि पेशी मरण्याचा संबंध नाही, हे परोपरीनं सांगितलं. त्यांची बायको, आमच्या काकू, हळूच म्हणाल्या, "आवाजाशिवाय भरवसा नाही वाटत बेटा. मलापण नाही."

काकू रोज विचारायच्या, "ऐकताहेत ना त्या पेशी?" या कॅन्सरमध्ये स्वतःला संपवायची यंत्रणाच पुष्कळदा बिघडलेली असते, हे मला माहीत होतं. मी म्हणायचे, "स्कॅनमध्ये बघू."

स्कॅन आला. गाठ वाढली होती. आमच्या मोठ्या सरांनी काकूंना बाहेर बसवून सांगितलं, आता औषध बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दाराशी भाऊरावांच्या लूम खात्यातले तिघे पेपर अंथरून बसलेले. सिस्टर म्हणाल्या, "दवा तो बंद हो गई. अब किसलिए बैठे हो?"

त्यातला एकजण सरकून त्यांना वाट देत म्हणाला, "मिल बंद हुई, तब भी हम गेट पे बैठे थे, सिस्टर."