धोंडूकाकांचा पाल्तो

आमच्या उसाच्या बेटावरच्या ग्रां बुआ गावात आमच्या शेजारी धोंडूकाका राहत. त्यांच्या दाराआड खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. साखर कारखान्यातल्या कुणा साहेबाने गाव सोडताना दिलेला. काकांनी तो ना लग्नात घातला, ना गणपतीत. तो फक्त सरकारी इस्पितळात, म्हणजे लोपितालात, जायचा. गावातल्या ज्या कुणाला जायचं असेल त्याच्या अंगावर.

"दोक्तेर मानूस बगत नाय, पाल्तो बगतो," काका म्हणत. कोटाला ते इथल्या क्रेओल बोलीतला पाल्तोच म्हणायचे. न्यायला आलेल्याची बटणं स्वतः लावत आणि बजावत, "हात खिशात घाल. हातावर ऊस दिसला का सांजपर्यंत बाकावर बसवतात."

आम्ही हसायचो. पण माझे वडील छातीत दुखतं म्हणून नुसत्या सदऱ्यावर गेले, तेव्हा न तपासताच पांढऱ्या गोळ्या देऊन त्यांना परत पाठवलं. पुढच्या खेपेला कोट घालून गेले, तर डॉक्टरने छातीला नळी लावली आणि भरती करून घेतलं. वडील वाचले. मग काकांशी वाद कोण घालणार?

पुढे व्हाकोआ शहरात नोकरी लागल्यावर मला कळलं, खरे कोटवाले त्या बाकाकडे फिरकतच नाहीत. ते खासगी क्लिनिकात जातात. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग त्यांचे पाल्तो हिकडं धाड."

एका शनिवारी गावी गेलो तर काका तापाने फणफणलेले, पोट धरून पडलेले. खिळा रिकामा होता. नुव्हेल फ्रांस गावचा त्यांचा मेव्हणा कोट घालून गेला तो भरतीच झाला होता, आणि कोट त्याच्या उशाशी.

"गाडी आणलीय काका, चला. डॉक्टरांशी मी बोलतो."

"सोमवारी येल पाल्तो, मंग जाऊ. बाकावर मरायला कोन जातो?"

काकींनी विनवलं, मी दरडावलं. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवारी दुपारी काका गेले. मला रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. बाया रडत होत्या आणि मी त्या खिळ्याकडे बघत उभा होतो.

तिरडी बांधत असतानाच मेव्हण्याच्या घरच्यांनी इस्पितळातून कोट आणला. काकांच्या अंगावर घालू या, असं कुणीतरी म्हणालं. काकींनी तो हातात घेतला, झटकला आणि खिळ्याला लावला.

"नको," त्या म्हणाल्या. "उद्या सखूच्या नवऱ्याला जायाचंय लोपितालात."